शिक्षक, पालक आणि सार्वजनिक शिक्षणातील उत्तरदायित्व

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)



शिक्षक आणि पालक यांच्यातील बिघडणारा संवाद हा विषय सामान्यतः शिक्षणशास्त्राचा किंवा मानसशास्त्राचा समजला जातो. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने त्यावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु सार्वजनिक सेवा नागरिकांपर्यंत कितपत पोहोचते, आणि पोहोचत नसेल तर का, हा विकासाच्या अर्थशास्त्राचा गाभ्याचा प्रश्न आहे. शाळा ही सामान्य माणसाला दररोज दिसणारी शासनाची सर्वांत जवळची संस्था होय. तेथे शिक्षक शासनाच्या वतीने उभा असतो आणि पालक नागरिक म्हणून. या दोघांची समोरासमोर गाठ पडते तेव्हा जे घडते, त्यावर शिक्षणावरील फार मोठ्या सार्वजनिक खर्चाचे फलित अवलंबून असते.

या व्यवस्थेचा आकार प्रथम लक्षात घेऊ. २०२४-२५ च्या यू-डायस प्लस आकडेवारीनुसार देशात सुमारे १४.७ लाख शाळा, २४.७ कोटी विद्यार्थी आणि एक कोटीहून अधिक शिक्षक आहेत. त्याच आकडेवारीनुसार एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत. दुसरीकडे, ‘असर’ या वार्षिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी सुमारे २७ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. पटनोंदणीचा प्रश्न बव्हंशी सुटला, पण शिकण्याचा प्रश्न शिल्लक राहिला, असे हे चित्र आहे. पालकाच्या मनातील अस्वस्थतेचे मूळ येथे आहे आणि शिक्षकाच्या मनातील कोंडीचेही.

सहनिर्मितीची संकल्पना

शिक्षण ही वस्तू एका बाजूने तयार होऊन दुसऱ्या बाजूला पोहोचत नाही. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी ‘सहनिर्मिती’ ही संकल्पना विस्ताराने मांडली. काही सेवा अशा असतात की, ज्याला सेवा मिळते त्याच्या श्रमाशिवाय त्या निर्माणच होत नाहीत. रस्ता बांधताना वाहनचालकाच्या सहभागाची गरज नसते. मूल शिकताना मात्र घराच्या सहभागाची गरज असते. मूल वेळेवर शाळेत पाठवणे, त्याच्या अभ्यासासाठी घरात थोडी जागा आणि थोडा वेळ राखणे, ते आजारी असल्यास शाळेला कळवणे, हे सारे श्रम पालक करतात. शिक्षकाचे श्रम आणि पालकाचे श्रम परस्परपूरक आहेत. एकाने हात आखडता घेतला की दुसऱ्याच्या श्रमांचे मोलही घटते.

या सहकार्यात दोन अडचणी आहेत. पहिली माहितीच्या विषमतेची. वर्गात काय घडते हे शिक्षकाला माहीत असते, पालकाला नसते. घरात काय घडते हे पालकाला माहीत असते, शिक्षकाला नसते. स्वतः शाळेत न गेलेल्या आईला आपले मूल चौथीत असूनही वाचू शकत नाही, हे कित्येकदा उमगत नाही. वही भरलेली असते आणि प्रगतिपत्रकावर समाधानकारक शेरा असतो. शिक्षकालाही हे ठाऊक नसते की, पटावर सतत गैरहजर दिसणारी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी थांबते आहे. प्रत्येक जण आपल्याला दिसणाऱ्या अर्ध्या चित्रावरून दुसऱ्याविषयी निष्कर्ष काढतो. ‘या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही’ असे शिक्षक म्हणतो आणि ‘गुरुजींना फक्त पगाराशी मतलब’ असे पालक म्हणतो.

दुसरी अडचण सत्तेच्या विषमतेची आहे आणि ती दोन्ही दिशांनी काम करते. भूमिहीन मजुराची पत्नी शाळेच्या दारात उभी राहते तेव्हा शिक्षकाचे पारडे जड असते. याउलट, शहरातील भरमसाट शुल्क आकारणाऱ्या शाळेत तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या शिक्षिकेसमोर एखादा संपन्न पालक आवाज चढवतो, तेव्हा पारडे उलटते. म्हणून ‘पालक दुबळे आणि शिक्षक प्रबळ’ किंवा ‘शिक्षक बिचारे आणि पालक उद्धट’ अशी सरसकट मांडणी धोरणकर्त्याला परवडणारी नाही.

काही समज आणि त्यांची तपासणी

गरीब पालकांना शिक्षणात रस नसतो, हा समज दीर्घकाळ प्रशासनात रुजलेला होता. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोब’ अहवालाने त्याला जोरदार धक्का दिला. बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश आणि हिमाचल प्रदेश या राज्यांतील पाहणीत, मुलाने शिकणे महत्त्वाचे आहे असे ९८ टक्के आणि मुलीने शिकणे महत्त्वाचे आहे असे ८९ टक्के पालकांनी सांगितले. मागणी होती, पुरवठा आणि त्याची गुणवत्ता कमी पडत होती. मध्य प्रदेशाने १९९७ मध्ये सुरू केलेल्या शिक्षण हमी योजनेचा अनुभवही हेच सांगतो. एक किलोमीटरच्या परिघात शाळा नसलेल्या वस्तीने मागणी करावी आणि शासनाने ९० दिवसांत शिक्षणाची सोय करावी, अशी ती योजना होती. अल्पावधीत हजारो वस्त्यांनी अशी मागणी नोंदवली.

दुसरा समज शिक्षकांविषयीचा. २००३ साली वीस राज्यांतील शासकीय प्राथमिक शाळांना पूर्वसूचना न देता भेटी दिल्या गेल्या, तेव्हा सरासरी २५ टक्के शिक्षक शाळेत आढळले नाहीत. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे १५ टक्के, तर झारखंडात सुमारे ४२ टक्के होते. या आकड्याने शिक्षकांची जी प्रतिमा निर्माण केली ती आजही पुसली गेलेली नाही. मात्र २०१७ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनने केलेल्या अभ्यासात गैरहजेरीच्या कारणांची फोड करण्यात आली. शाळेत नसलेल्या शिक्षकांचे एकूण प्रमाण सुमारे साडेअठरा टक्के होते. पण कोणतेही कारण न देता गैरहजर असलेले शिक्षक केवळ अडीच टक्क्यांच्या आसपास होते. उरलेले मंजूर रजेवर, प्रशिक्षणाला किंवा अन्य शासकीय कामाला गेलेले होते.

दोन्ही अभ्यासांची पद्धत आणि नमुना भिन्न असल्याने त्यांची थेट तुलना करता येणार नाही. तरीही त्यातून मिळणारा बोध महत्त्वाचा आहे. बंद वर्गासमोर उभ्या असलेल्या पालकाच्या दृष्टीने शिक्षक गैरहजर आहे, एवढेच सत्य असते. तो कोणाच्या आदेशाने कोठे गेला आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पालकाचा राग रास्त आहे, पण ज्याच्यावर तो निघतो तो बहुतेक वेळा त्या परिस्थितीचा कर्ता नसतो. पर्यवेक्षकाने पाठवलेल्या कामाची शिक्षा शिक्षकाच्या प्रतिष्ठेला भोगावी लागते. शाळेच्या फळ्यावर ‘आज अमुक शिक्षक अमुक कामासाठी तालुक्याच्या ठिकाणी गेले आहेत’ एवढी ओळ लिहिण्याचा शिरस्ता पाडला, तर अनेक भांडणे सुरूच होणार नाहीत. त्यासाठी कोणत्याही अनुदानाची आवश्यकता नाही.

कायद्याची चौकट

या विषयाची कायदेशीर चौकट परीक्षेच्या दृष्टीनेही आपण नीट समजून घ्यावी. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क अन्वये ६ ते १४ वयोगटातील मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. त्याच दुरुस्तीने अनुच्छेद ५१-क (ट) अन्वये आपल्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे पालकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. हक्क आणि कर्तव्य एकाच दुरुस्तीतून आले, ही बाब सूचक आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

या अधिनियमाच्या कलम २४ नुसार पालकांच्या नियमित बैठका घेणे आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती यांविषयी त्यांना अवगत करणे हे शिक्षकाचे वैधानिक कर्तव्य आहे. कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे. कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. कलम २१ नुसार विनाअनुदानित खासगी शाळा वगळून इतर शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी, तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात, असे बंधन आहे. अनुदानित व अल्पसंख्याक शाळांत या समितीची भूमिका सल्लागाराची असते. कलम ३२ अन्वये मुलाच्या हक्कासंबंधीची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत होणे अपेक्षित आहे.

शिक्षकांच्या तक्रारींचे निवारण करण्याची तरतूदही कलम २४ मध्येच आहे, ही गोष्ट अनेकदा नजरेआड होते. केंद्राच्या आदर्श नियमांत तर शिक्षकांच्या तक्रार निवारणाची पहिली पायरी म्हणून शाळा व्यवस्थापन समितीचाच उल्लेख आहे. म्हणजे ज्या समितीत पालकांचे बहुमत आहे, तिच्यासमोर शिक्षकाने आपले गाऱ्हाणे मांडावे, अशी ही कल्पना आहे. ती प्रत्यक्षात येण्यासाठी दोघांमध्ये किमान विश्वास लागतो आणि तो कायद्याने निर्माण करता येत नाही.

बाहेर पडणे की आवाज उठवणे

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक मूलगामी विचार मांडला. एखाद्या संस्थेच्या सेवेचा दर्जा घसरला की, तिच्या लाभधारकांसमोर दोन मार्ग असतात. एक, संस्था सोडून जाणे. दुसरा, संस्थेत राहून आवाज उठवणे. गुणवत्तेविषयी सर्वांत जागरूक असलेले लोकच प्रथम बाहेर पडतात आणि त्यांच्यासोबत संस्था सुधारू शकणारा आवाजही निघून जातो, हे सांगताना त्यांनी सार्वजनिक शाळांचेच उदाहरण घेतले होते.

आपल्याकडे गेल्या काही दशकांत हेच घडत आले आहे. ज्याला शक्य आहे तो पालक खासगी शाळेकडे वळतो. ज्याला तेही शक्य नाही, तो शाळेतच राहून अर्धवट बाहेर पडतो, म्हणजे शिकवणी लावतो. ‘असर’च्या २०२२ च्या अहवालानुसार ग्रामीण भागातील पहिली ते आठवीच्या सुमारे ३० टक्के मुलांनी सशुल्क शिकवणी लावलेली होती. मागे राहतात ती सर्वांत गरीब कुटुंबातील मुले, आणि त्यांच्या पालकांजवळ आवाज उठवण्याची ताकद सर्वांत कमी असते. शिक्षकाशी झालेल्या एका कटू प्रसंगानंतर अशी आई पुन्हा शाळेची पायरी चढत नाही. तिने तक्रार केली नाही म्हणून कागदोपत्री सर्व आलबेल असते. प्रशासकाने तक्रारींच्या संख्येपेक्षा या शांततेची अधिक चिंता करावी, असे मला वाटते.

समित्यांच्या मर्यादा आणि शक्यता

केवळ समिती स्थापन केल्याने आवाज निर्माण होतो का? उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ मध्ये झालेला एक प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. २०१९ चे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी व एस्थर दुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी ‘प्रथम’ संस्थेसोबत तो केला. ग्राम शिक्षण समित्या अस्तित्वात होत्या, पण बहुसंख्य पालकांना त्यांची कल्पनाच नव्हती. काही गावांत पालकांच्या बैठका घेऊन समितीचे अधिकार समजावून सांगण्यात आले. काही गावांत मुलांची वाचनक्षमता तपासून तिचे निष्कर्ष गावासमोर ठेवण्यात आले. शासकीय शाळेच्या कामकाजात त्यामुळे फारसा फरक पडला नाही. जेथे स्थानिक तरुणांना मुलांना वाचायला शिकवण्याचे साधे प्रशिक्षण देण्यात आले, तेथे मात्र वर्गांना येणाऱ्या मुलांच्या वाचनात स्पष्ट सुधारणा दिसली. पालकाला माहिती दिली, पण तिचे पुढे काय करायचे याचा सुस्पष्ट मार्ग दिला नाही, तर ती वाया जाते, असा याचा अर्थ आहे.

याउलट नागालँडचा अनुभव पाहा. तेथे २००२ साली सार्वजनिक संस्था व सेवांच्या लोकसमुदायीकरणाचा कायदा करण्यात आला. प्राथमिक शिक्षकांचे वेतन गावाच्या शिक्षण समितीमार्फत देण्याची आणि ‘काम नाही तर वेतन नाही’ हे तत्त्व लागू करण्याची तरतूद झाली. या उपक्रमाला २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कार मिळाला. जागतिक बँकेच्या २००४ च्या जागतिक विकास अहवालात उत्तरदायित्वाचे ‘लांबचा मार्ग’ आणि ‘जवळचा मार्ग’ असे दोन मार्ग सांगितले आहेत. नागरिकाने मतदानाद्वारे शासनावर आणि शासनाने शिक्षकावर दबाव आणावा, हा लांबचा मार्ग. नागरिकाने थेट सेवा देणाऱ्याशी बोलावे, हा जवळचा. नागालँडने जवळचा मार्ग निवडला. परंतु तेथील गावसमाजाची घट्ट वीण आणि ग्रामपरिषदांची परंपरा त्यामागे उभी होती, हे विसरून चालणार नाही. जातीपातींनी विभागलेल्या गावात हाच अधिकार प्रबळ गटाच्या हाती जाऊन एखाद्या दुर्बल समाजातील शिक्षकावर अन्यायाचे साधन ठरू शकतो.

दिल्लीच्या शासकीय शाळांत ३० जुलै २०१६ रोजी सर्व शाळांमध्ये एकाच दिवशी पालक-शिक्षक सभा भरवण्यात आली. खासगी शाळांत रूढ असलेली ही प्रथा शासकीय शाळेच्या पालकालाही मानाने उपलब्ध व्हावी, हा तिचा हेतू होता. एका सभेने गुणवत्ता वाढत नाही. पण पालकाला निमंत्रण मिळते, बसायला जागा मिळते आणि त्याच्या मुलाविषयी कोणी त्याच्याशी बोलते, यातून नात्याची सुरुवात होते.

अवघड प्रसंगांचे चार प्रकार

उद्या आपल्यापैकी काही जण गटशिक्षणाधिकारी, गटविकास अधिकारी किंवा जिल्हाधिकारी होतील. शाळेतील वाद आपल्या टेबलावर येतील तेव्हा त्यांचा प्रकार ओळखणे उपयुक्त ठरेल.

पहिला प्रकार प्रगतीविषयीचा. ‘तुमचा मुलगा कच्चा आहे’ हे वाक्य शिक्षकाच्या दृष्टीने निदान असते, पालकाच्या कानांना ते निवाड्यासारखे लागते. यापुढे अशा प्रसंगांची संख्या वाढण्याची शक्यता आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत नियमित परीक्षा घेण्याची आणि मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने याविषयीचे नियम अधिसूचित केले. त्यानुसार अनुत्तीर्ण मुलाला जादा अध्यापन व दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी द्यावयाची आहे. त्यानंतरही मूल त्याच वर्गात राहिले, तर वर्गशिक्षकाने मुलाला आणि आवश्यकतेनुसार पालकांनाही मार्गदर्शन करावयाचे आहे. हे मार्गदर्शन निकालाच्या दिवशी सुरू झाले, तर ते भांडणच ठरेल. ऑक्टोबरमध्ये ‘ताई, गणेशला वजाबाकीत हातचा घेताना अडचण येते, आम्ही रोज पंधरा मिनिटे सराव घेतो, तुम्ही घरी त्याला दुकानातले सुटे पैसे मोजायला सांगा’ असे कोणी सांगितले असेल, तर एप्रिलमधील निकाल आईला अनपेक्षित वाटणार नाही.

दुसरा प्रकार शिस्तीविषयीचा. येथे कायद्याने सीमारेषा आखून दिली आहे. मारहाणीची तक्रार ‘जाऊ द्या, गुरुजी रागावले असतील’ असे म्हणून मिटवता येत नाही. लैंगिक अत्याचाराची तर शंका जरी आली, तरी २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ अन्वये ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. अशा प्रकरणांत शाळेची अब्रू राखण्यासाठी घडवलेला समेट हा स्वतःच गुन्ह्याचा भाग ठरू शकतो. सामोपचाराची जागा कोठे संपते आणि कायद्याची कोठे सुरू होते, हे अधिकाऱ्याला निःसंदिग्धपणे माहीत असले पाहिजे.

तिसरा प्रकार उपस्थितीविषयीचा आणि त्याचे मूळ बहुधा उपजीविकेत असते. मराठवाड्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांचे तांडे निघतात, तेव्हा मुलेही सोबत जातात. शिक्षक पट राखण्यासाठी पालकाला दूषण देतो आणि पालक निरुत्तर होतो, कारण त्याच्या हातात पर्याय नसतो. ओडिशाच्या पश्चिम भागातून वीटभट्ट्यांकडे जाणाऱ्या कुटुंबांची स्थितीही अशीच आहे. येथे उपदेशाने काही साधत नाही. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह आहे का, आजी-आजोबा सांभाळ करू शकतील का, मूल जाणारच असेल तर कलम ५ नुसार त्याचा दाखला विनाविलंब मिळून नव्या ठिकाणी त्याला प्रवेश मिळेल का, हे प्रश्न संवादात आले पाहिजेत. ज्या संभाषणाच्या अखेरीस पालकाला एखादा पर्याय मिळतो, त्या संभाषणाला तो पुन्हा येतो.

चौथा प्रकार पैशाविषयीचा. शहरी भागात शुल्कवाढीवरून शाळा आणि पालक यांच्यात उडणारे खटके आपण वर्तमानपत्रांत वाचतो. महाराष्ट्रात यासाठी शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ आहे. त्यात पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवरील पालक चिठ्ठ्या टाकून निवडण्याची तरतूद आहे. संस्थाचालकाच्या मर्जीतील पालकच समितीवर येऊ नयेत, असा त्यामागील विचार दिसतो. शुल्काचा वाद वर्गशिक्षिकेच्या दारी नेणे मात्र अनुचित आहे, कारण तो निर्णय तिच्या हाती नसतो. त्याचप्रमाणे थकलेल्या शुल्कासाठी मुलाला वर्गाबाहेर उभे करणे म्हणजे मोठ्यांच्या व्यवहारात मुलाला ओलीस ठेवणे होय.

अधिकाऱ्याने काय करावे

असा वाद समोर आला असता प्रथम दोन्ही बाजूंचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकून घ्यावे. संतापलेल्या माणसाचे पहिले वाक्य ही त्याची खरी तक्रार असतेच असे नाही. ‘या बाईंची बदली करा’ अशी मागणी घेऊन आलेल्या जमावातील एका आईला वेगळे बसवून विचारले, तर ‘माझ्या मुलीला मागे बसवतात’ एवढेच तिचे दुःख असल्याचे उघड होऊ शकते. मागणी आणि गाऱ्हाणे यांत फरक करता आला की निम्मे काम होते. बदली हा प्रशासनाचा सोपा मार्ग आहे. परंतु तो प्रश्न दुसऱ्या गावाच्या पदरात टाकतो.

दुसरे, चर्चा नोंदींच्या आधारे व्हावी. हजेरीपट, मुलाची वही, चाचणीची उत्तरपत्रिका समोर असेल तर बोलणे व्यक्तीवरून वस्तुस्थितीकडे वळते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये समग्र प्रगतिपत्रकाची शिफारस आहे आणि ते घर व शाळा यांच्यातील दुवा ठरावे, त्याच्या जोडीला पालकांच्या सभा व्हाव्यात, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. हे पत्रक आईला समजेल अशा भाषेत असले तरच हा दुवा जुळेल. गोंडी, भिली किंवा संथाली बोलणाऱ्या पालकासमोर प्रमाण भाषेतील छापील रकाने ठेवून माहितीची विषमता दूर होणार नाही.

तिसरे, पालकाच्या वेळेची किंमत ओळखावी. सकाळी अकराची सभा म्हणजे रोजंदारीवरील मजुराचा अर्धा रोज बुडणे. ही त्याने मोजलेली खरी किंमत आहे. गैरहजेरीला अनास्था समजण्यापूर्वी आपण ती हिशेबात धरली पाहिजे. बाजाराच्या दिवशी किंवा सायंकाळी सभा घेणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

चौथे, प्रत्येक बैठकीच्या शेवटी कोण काय करणार आणि पुन्हा कधी भेटायचे, हे लिहून ठेवावे. एकदाच होणाऱ्या व्यवहारात माणसे कठोर वागतात. पुन्हा भेटायचे आहे हे ठाऊक असले की जपून वागतात, हे खेळ-सिद्धांताचे साधे तत्त्व आहे. शिक्षक आणि पालक यांचा संबंध वर्षानुवर्षांचा असतो, पण वादाच्या वेळी दोघेही हे विसरतात. पुढील भेटीची तारीख त्यांना त्याची आठवण करून देते.

पाचवे, शिक्षकाच्या मागे उभे राहण्याची वेळ आली तर कचरू नये. दोन वर्ग सांभाळून, पोषण आहाराचा हिशेब ठेवून आणि मोबाइलवर माहिती भरून थकलेल्या शिक्षकाकडून संयमी संवादाची अपेक्षा करताना, त्याचा वेळ त्याला परत मिळवून देणे ही आपली जबाबदारी ठरते. खोट्या तक्रारीपासून त्याला संरक्षण मिळते, हे दिसले तरच तो खऱ्या तक्रारीला मोकळेपणाने सामोरा जाईल.

समारोप

परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आपण ‘लोकसहभाग’, ‘उत्तरदायित्व’ आणि ‘सुशासन’ हे शब्द अनेकदा लिहाल. या शब्दांचा अर्थ शेवटी एका लहानशा खोलीत ठरतो. तेथे पत्र्याच्या कपाटाशेजारी दोन खुर्च्या असतात. एकीवर शिक्षिका बसलेली असते आणि दुसरी बहुधा रिकामी असते, कारण आई दारातच उभी असते. तिला ‘या, बसा’ असे म्हटले गेले की नाही, यावरून त्या शाळेतील लोकसहभागाची पातळी ओळखता येते. शिक्षणावरील खर्चाचे आकडे वाढवणे आवश्यकच आहे. त्या खर्चातून मूल वाचू-लिहू लागावे यासाठी मात्र शिक्षक आणि पालक यांना एकमेकांशी बोलता आले पाहिजे, आणि मतभेद असतील तेव्हा तर अधिकच. प्रशासनात गेल्यावर आपल्या हाती ही परिस्थिती घडवण्याचे अधिकार असतील. त्यांचा वापर करताना, भांडणाच्या दोन्ही बाजूंना नसलेले, पण ज्याच्यासाठी ते भांडण चालले आहे ते मूल आपल्या नजरेसमोर असावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो आणि थांबतो.